ग्लास नको, तास मोजा!

धुळवडीची दुपार. पातेल्यात थंडाई, वर गुलाबपाकळ्या, बडीशेप-वेलदोड्याचा घमघमाट. पहिला ग्लास संपवून अर्धा तास झालेला कुणीतरी ओठ पुसत म्हणतो, "काहीच होत नाहीये रे, अजून एक भर." भांगेच्या बहुतेक फजित्या या एका वाक्यापासून सुरू होतात. ते वाक्य तोंडी येतं तेव्हा पोटात काय चाललेलं असतं? वाचा या आठ गोष्टी.

१. लांबचा रस्ता
भांगेत नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. धुरावाटे ते काही मिनिटांत मेंदूत पोचतं. खाल्लं-प्यायलं, तर आधी पोट, मग आतडी, मग यकृत असा प्रवास होतो. म्हणून परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात. खरा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि उतरायला सहा-आठ तास, कधी बारासुद्धा लागतात. अर्ध्या तासात दुसरा ग्लास घेतला, की दोन्ही एकदमच चढतात.

२. यकृतातला पालट
यकृत टीएचसीचं रूपच बदलतं. तयार होतं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी. हे द्रव्य मेंदूत सहज शिरतं आणि त्याची नशाही जोरदार असते. म्हणूनच ओढणाऱ्याचा अनुभव खाण्याच्या बाबतीत कामाला येत नाही.

३. तळाचा ग्लास जड
टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. दूध, तूप, बदाम यांची आणि भांगेची जोडी जमली ती उगाच नाही. पण पाट्यावर वाटलेला पाला स्वतः दुधात विरघळत नाही. तो तरंगतो आणि हळूहळू खाली बसतो. पातेलं संपत आलं, की डावाला तो हिरवा, दाट गाळ लागतो. तोच शेवटच्या ग्लासात उतरतो. म्हणजे पहिल्याला नुसती थंडाई आणि शेवटच्याला दुप्पट भांग! तेव्हा प्रत्येक ग्लास भरण्याआधी तळापासून ढवळायलाच हवं.

४. एक पेय, अनेक तऱ्हा
थॉमस बाउरी हा इंग्रज दर्यावर्दी १६७०च्या दशकात बंगालच्या उपसागराकाठी होता. त्याने आणि साथीदारांनी दारं-खिडक्या लावून प्रत्येकी सुमारे अर्धा लिटर भांग घेतली. एकजण दुपारभर रडत बसला. दुसऱ्याने घाबरून मोठ्या रांजणात डोकं घातलं, ते चार तास काढलंच नाही. तिसरा लाकडी खांबाशी भांडला आणि बोटांची सालटी काढून बसला. काहीजण गालिच्यावर लोळत एकमेकांची स्तुती करत राहिले. आणि बाउरी? तो तीन तास नुसता घामाघूम. माप एकच, माणसं निरनिराळी. शेजाऱ्याला जेवढी झेपते तेवढी आपल्यालाही झेपेल, हा हिशेब तेव्हाही चुकला होता.

५. गोव्याच्या छापखान्यातली भांग
पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर वेगळं प्रकरण आहे. त्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सेनानी मार्तिम अफोन्सो द सौझाला सांगतो, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण हिंडावंसं वाटलं, तर थोडी भांग खाल्ली की झालं. त्यातही शब्द आहे 'थोडी'!

६. आनंदाचं रसायन
राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली इस्रायलमध्ये टीएचसी वेगळं काढलं. १९९२ साली मेशुलम यांच्याच गटाला मेंदूत आपोआप तयार होणारं, तसंच काम करणारं द्रव्य सापडलं. त्याचं नाव ठेवलं 'आनंदमाइड', संस्कृत 'आनंद'वरून.

७. मिलिग्रॅमचं गणित
अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात खाण्याच्या पदार्थांतल्या एका मात्रेची मर्यादा १० मिलिग्रॅम टीएचसी आहे. कॅनडात अख्ख्या पाकिटालाच तेवढी मुभा आहे. नवख्याने अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घ्यावं, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. तिथे प्रौढांना असे पदार्थ घरी करायलाही परवानगी आहे. त्यांच्यासाठी हा हिशेब: १५ टक्के टीएचसी असलेल्या एक ग्रॅम गांजात १५० मिलिग्रॅम टीएचसी. त्याच्या बारा वड्या पाडल्या, तर एकेक साडेबारा मिलिग्रॅमची, म्हणजे नवख्याच्या मात्रेच्या पाचपट! शिवाय मिश्रण एकजीव झालं नसेल, तर एक वडी फिकी आणि दुसरी भारी. आपल्याकडच्या भांगेच्या गोळीवर तर आकडाच नसतो. पाल्याची ताकद झाडागणिक बदलते, त्यामुळे गोळीच्या आकारावरून काहीच कळत नाही.

८. पान वेगळं, फूल वेगळं
१९८५च्या अमली पदार्थ कायद्यात चरस म्हणजे झाडाची राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून राजस्थान, उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. इथे परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा ठरतो.

जास्त झालीच तर
लिंबू, चिंच, लोणचं चाटवून रक्तातलं टीएचसी उतरत नाही. शांत खोली, पाणी, सोबतीला शुद्धीतलं माणूस आणि वेळ, हाच उपाय. वर दारू नको, गाडीची किल्ली तर नकोच. छातीत दुखलं, श्वास मंदावला, माणूस जागा होईना, तर लगेच १०८ला फोन करा. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी भांगेच्या वाटेला जाऊ नये.

मुलाने चुकून खाल्लं, तर लक्षणांची वाटही बघू नका, तडक दवाखाना गाठा. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी टीएचसी असलेले पदार्थ खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या नोंदी २०१७ साली २०७ होत्या, २०२१ साली ३,०५४ झाल्या. मुलाला बर्फी दिसते, भांग दिसत नाही. डबा कुलपातच हवा.

आणि ज्याच्या हातात डाव, त्याच्यावर जबाबदारी. न सांगता कुणाच्या ग्लासात भांग घालणं ही गंमत नाही, तो विश्वासघात आहे. आधी सांगा काय आहे आणि ढवळून घाला. मग "अजून एक भर" म्हणत ग्लास पुढे आला, की मायेने सांगा, "बस जरा. दोन तास होऊ देत."