मधुमेह आणि मूत्रपिंडातले चुकलेले निरोप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण आढळले, ते आम्हां रत्नागिरीकरांना जवळच्या अशा गोव्यात : प्रौढांमध्ये २६.४ टक्के. मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडतात, हे विद्यार्थी ऐकून असतात. पण ‘साखर गाळून ती थकतात’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. बिघाड होतो तो पेशींना मिळणाऱ्या निरोपांत.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या सुरुवातीला केशिकांचा गुच्छ असतो. एका बारीक वाहिनीतून रक्त त्यात येते, दुसरीतून बाहेर जाते आणि मधल्या दाबामुळे पाणी, क्षार व साखर गाळली जाते. पुढे नलिकेत साखर आणि सोडियम जोडीने पुन्हा रक्तात शोषले जातात. त्याहून पुढच्या काही पेशी उरलेले मीठ सतत अजमावत असतात. मीठ कमी आले, की ‘गाळणे मंदावले’ असा अर्थ घेऊन त्या आत येणारी वाहिनी रुंदावतात.

मधुमेहात इथेच फसगत होते. साखर जास्त शोषली जाते, तिच्याबरोबर सोडियमही जाते आणि पुढे मीठ कमी पोचते. निरोप जातो, ‘आणखी रक्त पाठवा!’ त्यातच अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक बाहेर जाणारी वाहिनी आवळते. गुच्छातला दाब वाढतो. म्हणूनच आरंभी अनेक रुग्णांची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जास्त गाळतात.

दुसरा निरोप पेशींच्या आतला. स्नायूंच्या पेशींत साखर शिरण्यासाठी इन्शुलिन लागते. गुच्छाला आधार देणाऱ्या पेशींना ते लागत नाही. रक्तात साखर वाढली, की त्यांच्यातही वाढते. मग प्रोटीन कायनेज सी हे विकर चेतवले जाते आणि टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन वाढते. जखम भरून काढणारा हा निरोप इथे जखम नसतानाच सुटतो. पेशी कोलॅजेनसारखे तंतू रचत राहतात. गाळणीचा पडदा जाड होतो, पण त्याची वीण उसवते आणि अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागते.

दाबाचा भाग वर्गात सहज दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या नळीला मध्यभागी सुईने भोके पाडा व एक टोक नळाला जोडा. दुसरे टोक चिमटीत दाबले, की भोकांतून पाणी जोरात उडते. जोर कमी करण्याचे दोन मार्ग : चिमूट सैल सोडणे किंवा नळ थोडा बंद करणे. औषधांचेही असेच आहे. लोसार्टान अँजिओटेन्सिनचा निरोप अडवून बाहेरची वाहिनी सैल करते. त्याचा लाभ २००१ मध्ये चाचणीतून सिद्ध झाला. कॅनाग्लिफ्लोझिन नलिकेतले साखर-सोडियमचे शोषण रोखते. मीठ पुढे पोचते, खोटा निरोप थांबतो व आत येणारी वाहिनी आवळते. त्याची चाचणी २०१९ मध्ये यशस्वी ठरली. अर्थात, औषध कोणते घ्यावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

या अवस्थेत दुखत नाही, बहुधा सूजही दिसत नाही. म्हणून लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा आढळले, तर तो इशारा समजावा. साध्या पट्टीच्या तपासणीत एवढे थोडे अल्ब्युमिन निसटू शकते. प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासूनच दरवर्षी करावी. घरातल्या मधुमेही माणसांची ती झाली आहे का, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याने विचारले तरी धडा सार्थकी लागेल.