बियाणे दळू नये: मूळ फाईल आणि संक्षिप्त फाईल



संगणकाचे शिक्षण घेतलेले आपले तरुण आज धर्मग्रामासाठी संकेतस्थळ किंवा मोबाईल ॲप तयार करतात, तेव्हा त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे मूळ स्वरूपात ठेवावीत, की संक्षिप्त करून?

आपल्या बीड जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेऊ. माजलगाव येथे १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी उभारलेल्या ओवी-संग्रहाचा तो भाग होय. या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या असून, बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाच्या सहभागाने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या.

आता हिशेब पाहू. सीडीच्या दर्जाचा असंक्षिप्त ध्वनी एका मिनिटास सुमारे १० एमबी जागा घेतो. तोच १२८ केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात १ एमबीहून कमी जागेत मावतो. म्हणजे १०० तासांसाठी पहिल्या प्रकारात ६३ जीबीहून अधिक जागा हवी, तर दुसऱ्यात सहा जीबीदेखील पुरेसे होतात. ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाला साध्या मोबाईलवर ओवी ऐकवायची असेल, तर संक्षिप्त फाईलच उपयोगी पडते.

मात्र संक्षेपाचे दोन प्रकार आहेत. एक घडी घातलेल्या गोधडीसारखा: उलगडली की ती जशीच्या तशी. झिप, पीएनजी व फ्लॅक हे त्या जातीचे. दुसरा दळणासारखा: जेपेग व एमपी३ आपल्या डोळ्यांना व कानांना सहसा न जाणवणारा तपशील कायमचा गाळून टाकतात. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. शिवाय अशी फाईल उघडून, दुरुस्त करून पुन्हा जतन केली की दर वेळी आणखी काही गळते.

या बाबतीत आम्ही स्वतःच चुकलो आहोत. एका वयोवृद्ध भगिनीचे छायाचित्र संकेतस्थळासाठी लहान केले आणि जागा वाचविण्यासाठी मूळ फाईल पुसून टाकली. पुढे त्यांच्या निधनानंतर कुटुंबीय मोठे छायाचित्र मागावयास आले. आमच्याजवळ होते ते मोठे करताच चेहरा धूसर झाला. त्यांना रिकाम्या हाती परत पाठविताना आम्हांला फार वाईट वाटले.

म्हणून आमचे सांगणे असे. संपादन, दुरुस्ती व जतन यांसाठी मूळ फाईल ठेवावी; ॲपमध्ये व मोबाईलवर संक्षिप्त प्रत द्यावी. मूळ फायली ॲपमध्ये न भरता वेगळ्या जागी, किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि लागेल त्या आकाराची प्रत प्रत्येक वेळी मूळावरूनच काढावी. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेताना तर ही दक्षता अवश्य बाळगावी. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रत सहसा संक्षिप्त होते. मूळ हवे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

शेतकरी पीठ घरात वापरतो, पण पेरणीचे बियाणे दळत नाही. आपल्या आजीच्या आवाजाचे बियाणेही आपण तसेच राखून ठेवू या.