वर्क फ्रॉम ओम!

मार्च महिना. अप्रेझलचा सीझन. माझी एक मैत्रीण (नाव छापायचं नाही, ही तिची अट!) बॉससमोर बसली होती. बॉसने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि वर्षभरातल्या मीटिंग्जच्या मिनिट्समध्ये तिचं नाव सर्च करून दाखवलं. रिझल्ट : शून्य. "मीटिंगमध्ये तू फारशी बोलत नाहीस का गं?"

बोलत नाही? ही मुलगी लिफ्टमध्येही गप्प बसत नाही. झालं होतं एवढंच, की त्यांच्या ऑफिसात मिनिट्स माणूस लिहीत नाही, सॉफ्टवेअर लिहितं. आणि हिचं नाव सुरू होतं ‘ऋ’ने. सॉफ्टवेअरने ते वर्षभर कधी ‘रिज्यूम टा’ केलं, कधी ‘रिड्यूस टू’. (ओळखा पाहू!) तिने अंगावर घेतलेली कामं, तिने शांत केलेले क्लायंट, सगळं ‘रिड्यूस टू’च्या खात्यात जमा.

कॅन्टीनमध्ये यावर आम्ही पोट धरून हसलो. इन्क्रिमेंटचं पत्र आल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

चीड आणणारी गोष्ट म्हणजे यावरचा उपाय दहा मिनिटांचा होता. बोललेलं टाइप करणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘कस्टम व्होकॅब्युलरी’ नावाची एक जागा असते. म्हणजे आपल्या शब्दांची आपली यादी. सेटिंग्जमध्ये ती इतकी आत दडलेली असते की तिकडे कुणी फिरकतच नाही.

ऐकतं कमी, ताडतं जास्त

‘रेकग्नाइझ स्पीच’ हे दोन शब्द जरा घाईत म्हणून बघा. ‘रेक अ नाइस बीच’ असंही ऐकू येतं. या क्षेत्रातल्या इंजिनीअर मंडळींचा हा जुना जोक आहे. आवाज जवळजवळ तोच, मग यातलं काय लिहायचं? मशीन बघतं, की अशा वाक्यात कोणते शब्द एरवी जास्त येतात, आणि त्यांच्या बाजूने कौल देतं. जुन्या सॉफ्टवेअरकडे ठरावीक डिक्शनरी असायची. जो शब्द तिच्यात नाही, तो तुम्ही घसा फोडून ओरडलात तरी उमटणार नाही. नवी सॉफ्टवेअर्स तुकडे जोडून कुठलाही शब्द लिहू शकतात, पण कल ओळखीच्या शब्दांकडेच. इंग्रजीत ‘रिड्यूस टू’ ढिगाने सापडतं. ‘ऋ’वाल्या मुली किती सापडणार? यादीत नाव घातलं, की तुम्ही मशीनला सांगता : या ऑफिसात हाही शब्द चालतो, कौल देताना लक्षात ठेव.

आयडिया नवी नाही. जेम्स आणि जॅनेट बेकर या नवरा-बायकोच्या कंपनीने 1997 मध्ये ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ बाजारात आणलं. शब्दाशब्दाला न थांबता बोला, ते टाइप करणार. पुढे कंपन्या बदलत बदलत 2022 मध्ये ड्रॅगन मायक्रोसॉफ्टच्या घरात गेला. त्यातली शब्दांच्या यादीची सोय आजही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक शब्दाचे दोन अवतार : लिहायचा कसा आणि बोलायचा कसा. म्हणजे उमटायला हवं ‘एमएमआरडीए’ आणि तुम्ही म्हणता ‘प्राधिकरण’, तर तसं सांगून ठेवायचं. शिवाय तुमची जुनी डॉक्युमेंट्स त्याला वाचायला दिलीत, की अनोळखी शब्द ते स्वतःच वेचून समोर ठेवतं.

या यादीची खरी कदर डॉक्टरांना आणि वकिलांना. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा डिप्रेशनवर आणि सेरेबिक्स फिट्सवर. तीन औषधं, तीन वेगळे पेशंट आणि नावं अशी की माणसाचाही कान फसावा. 2000 नंतरच्या काळात पुण्या-मुंबईतली कितीतरी मुलं नाइट शिफ्टला अमेरिकन डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करायची. तुमच्या ओळखीत त्यातलं कुणी असेल तर विचारा, औषधांच्या नावांनी किती झोप उडवली ते. इथे यादीत तिन्ही नावं असली तरी शेवटी माणसाने डोळे उघडे ठेवून वाचायलाच हवं.

यादीत काय घालाल?

मागच्या महिन्याचे मेल्स उघडा. लोकांची नावं, क्लायंट्स, प्रॉडक्ट्स, शॉर्टफॉर्म्स, गावं. मशीन ज्यावर अडखळतं तेवढेच शब्द उचला. सुरुवातीला तीस-चाळीस पुरेत. अख्खी डिरेक्टरी ओतण्याचा मोह होतो, तो आवरा.

कारण? मैत्रिणीच्याच ऑफिसातला पुढचा अंक ऐका. अप्रेझलच्या राड्यानंतर सगळ्यांना जाग आली आणि प्रत्येकाने आपापलं नाव घुसवलं. एका नव्या ट्रेनीचं नाव ‘ओम’. झालं! दुसऱ्या दिवसापासून ‘ओम लोन’, ‘टेक ओम सॅलरी’ आणि ‘वर्क फ्रॉम ओम’. यादीतल्या शब्दाला जादा वजन मिळतं, त्यामुळे तो शेजारच्या शब्दांची जागा खातो. शब्द जितका आखूड, तितका जास्त खातो. म्हणून छोटं नाव एकटं घालू नका, आडनावासकट घाला. बोलताना मात्र पूर्ण नाव घ्यावं लागेल, एवढी तयारी ठेवा. कंपनी सोडून गेलेल्यांची नावं काढून टाका. सहा महिन्यांपूर्वी रिझाइन केलेला माणूस मिनिट्समध्ये भुतासारखा उगवतो, हे मी स्वतः पाहिलंय.

ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ ज्याच्या आत आहे अशा टूलमध्ये स्वतंत्र यादी नसेलही. तिथे आधी एक छोटा मजकूर देऊन नावं सुचवता येतात. पण त्यातले फक्त शेवटचे 224 तुकडे ते लक्षात घेतं आणि तुकडा म्हणजे बऱ्याचदा अख्खा शब्दही नसतो. तेव्हा कामाची नावं शेवटी ठेवा.

मॅक आणि आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘व्हॉइस कंट्रोल’ आहे, त्यात ‘व्होकॅब्युलरी’. विंडोज 11 मध्ये 2024 पासून जुन्या स्पीच रेकग्निशनची जागा ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ने घेतली, त्यातही आपले शब्द घालता येतात. ऑफिसच्या टूलमध्ये ही किल्ली बऱ्याचदा अ‍ॅडमिनकडे असते, म्हणजे आधी आयटीवाल्यांच्या नाकदुऱ्या काढा. आणि हो, ऑनलाइन टूलमध्ये यादी चढवताना दोनदा विचार करा. क्लायंट्सची नावं आणि अजून जाहीर न झालेली प्रॉडक्ट्स एकाच फाइलमध्ये! कॉम्पिटिटरला आणखी काय हवं?

माइक तपासलात का?

सगळं खापर यादीवर फोडू नका. जुलै 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाचा डेमो दिला. आईला पत्र डिक्टेट करायचं होतं. स्क्रीनवर उमटलं, ‘डिअर आँट, लेट्स सेट सो डबल द किलर डिलीट सिलेक्ट ऑल’! नंतर कळलं, माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागात बग होता. अशा वेळी जगातली कुठलीही यादी कामाची नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये लॅपटॉप टेबलाच्या त्या टोकाला, एसीखाली ठेवला असेल तर आधी तो जवळ ओढा.

मराठीचं काय? गूगलचं व्हॉइस टायपिंग ऑगस्ट 2017 पासून मराठी ऐकतं. पण आपण मराठी तरी कुठे बोलतो? ‘ते डेक फायनल करून शेअर कर ना’ ही कुठली भाषा, हे आपल्यालाच ठाऊक नाही, मशीनला काय कळणार!

मैत्रिणीने तिकीट टाकलं, तीनदा फॉलोअप केला, शेवटी यादीची किल्लीच स्वतःकडे घेतली. ‘ओम’ला आडनाव जोडलं, जुनी भुतं उडवली, स्वतःचं नाव घातलं. गेल्या सोमवारच्या मिनिट्समध्ये तिचं नाव नऊ वेळा आलं. खूश होऊन तिने नीट वाचलं, तर त्यातल्या दोन ठिकाणी ती बोललीच नव्हती. अकाउंट्सवाले खर्च ‘रिड्यूस टू’ पाच लाख म्हणाले होते.