आजोबांना एवढं विचाराच

आपल्या बडोद्याच्या घरांत आजोबा गुडघेदुखी सांगतात, शुगर किती आली तेही सांगतात. जांघेतल्या गाठीबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. सर्जन म्हणून मी असे आजोबा नेहमी पाहतो. गाठ सैल लेंग्याआड लपवायची आणि सुनेसमोर हा विषय कसा काढायचा, या संकोचात वर्षं काढायची. म्हणून आज त्यांना दवाखान्यात घेऊन येणाऱ्या नातवंडांशी बोलतो.

या गाठीला मराठीत अंतर्गळ म्हणतात, इथे गुजरातीत सारणगांठ आणि आम्ही डॉक्टर हर्निया म्हणतो. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर सरकतो. बहुतेकदा ते आतडं किंवा चरबी असते. पण जांघेच्या हर्नियाच्या 100 रुग्णांपैकी साधारण 1 ते 4 जणांत लघवीच्या पिशवीचा, म्हणजे मूत्राशयाचा, भागही त्यात उतरतो. क्वचित मूत्रवाहिनीही उतरते. पन्नाशीपुढच्या पुरुषांत हे जास्त दिसतं. प्रोस्टेट वाढली की लघवीला जोर करावा लागतो आणि तो ताण त्याच कमकुवत जागेवर येतो.

याची एक खूण आहे. लघवी झाली की गाठ लहान होते. काही जण एकदा लघवी करतात, मग गाठ दाबून उरलेली करतात. वयामुळे असं होतं, असं समजून ते कुणाला सांगत नाहीत. काहींना मात्र कसलाच त्रास नसतो.

हे सर्जनला आधी कळायला हवं. नाहीतर ऑपरेशनच्या वेळी मूत्राशयाला इजा होऊ शकते. आधी कळलं तर सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन करून नेमकं काय उतरलंय ते पाहता येतं. प्रोस्टेटचा अडथळा असेल तर त्याचाही उपचार ठरवता येतो. बहुतेकदा मूत्राशय अलगद आत सरकवून, जाळी बसवून काम होतं.

गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, लघवी अडली किंवा लघवीतून रक्त आलं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

एरवी सवडीने, दोघंच असताना विचारा, "आजोबा, लघवीला बसल्यावर गाठ दाबावी लागते का हो?" उत्तर 'हो' आलं, तर तपासणीच्या वेळी ते डॉक्टरांना नक्की सांगा.