हलालची सुरुवात सुरीच्या आधी

मोमिनपुरा असो वा जाफरनगर, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर गर्दी ठरलेलीच. तिथे आपण काय विचारतो? भाव काय, कोवळे आहे का, कलेजी उरली आहे का. जनावर कुठून आले, वाटेत त्याला पाणी मिळाले का, कापण्याआधी डॉक्टरने तपासले का, हे प्रश्न मात्र आपल्या तोंडी येत नाहीत. दुकान आपल्याच माणसाचे, म्हणजे सगळे हलाल, असे आपण गृहीत धरतो.

मांस खाणे दीनमध्ये जायज आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सूरह अल-बकरात (168) हलालसोबतच ‘तय्यिब’ हा शब्द आला आहे. तय्यिब म्हणजे पाक, चांगले. सूरह अल-अनआममध्ये (38) पशुपक्ष्यांनाही आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी जबह करतानाही एहसानचा हुकूम दिला, सुरी धारदार ठेवायला आणि जनावराला आराम द्यायला सांगितले, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावणाऱ्या माणसाला त्यांनी टोकल्याचेही हदीसमध्ये येते.

देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार गाभण जनावर किंवा तीन महिन्यांच्या आतले पिल्लू कापता येत नाही. डॉक्टरची तपासणी आणि त्यानंतर 24 तासांची विश्रांती सक्तीची आहे. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, हाही नियमच आहे. जनावराला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरते. तरीही पाय बांधून दुचाकीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण रस्त्यावर रोज पाहतो आणि पुढे जातो.

यात आपल्या तब्येतीचाही प्रश्न आहे. भुकेले, घाबरलेले, दमलेले जनावर आपल्या स्नायूंतली साखर आधीच खर्चून बसते. मग कापल्यानंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही. असे मांस काळपट पडते आणि लवकर खराब होते.

नागपूरकरांनी तर आणखी एक हिशेब करायला हवा. 2025 मध्ये बकरी ईद 7 जूनला झाली. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे पुढची काही वर्षे ती मे महिन्यात येणार. मे महिन्यातले नागपूरचे ऊन आपल्याला ठाऊक आहे; पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या उन्हात कोंबून भरलेल्या गाडीतून बकरे आणायचे आणि गच्चीवर बांधून ठेवायचे, ही कुरबानीची तयारी म्हणायची का? अल्लाहपर्यंत मांस आणि रक्त नव्हे तर तकवा पोहोचतो, हे सूरह अल-हजमध्ये (37) स्पष्ट आहे.

खाटकाला दोष देणे सोपे आहे. पण त्याला घाई आपण लावतो, दोन रुपये कमी करायला आपणच सांगतो. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदारही तसा माल ठेवू लागतो.

म्हणून घरापासून सुरुवात करू या. दुकानात परवाना लावलेला आहे का, ते पाहू. जनावर कुठे कापले, ते अदबीने विचारू. ईदचा बकरा सावलीत ठेवू, त्याला वेळेवर चारापाणी देऊ. कुरबानी महानगरपालिकेने परवानगी दिलेल्या जागी, जाणकार हातांनी, इतर जनावरांच्या नजरेआड करू. जीव पूर्ण जाईपर्यंत कातडी सोलायला हात लावू देणार नाही. त्या वेळी मोबाइल खिशातच राहू द्या. मुले आपल्याकडे पाहून शिकतात. बकऱ्याला आधी पाणी पाजणारे अब्बा त्यांना दिसले, तर रहम म्हणजे काय हे वर्गात शिकवताना आम्हा शिक्षकांना फार शब्द लागणार नाहीत.