तेलाच्या गळतीचा शोध

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) हा बहुतांशी कमी पावसाचा प्रदेश आहे. तरीही संगमनेर, राहाता, श्रीगोंदे इत्यादी तालुक्यांत डाळिंबाच्या बागा पाहावयास मिळतात. डाळिंबाच्या दोन ओळींत साधारणपणे साडेचार मीटर अंतर ठेवतात. परंतु झाडे वाढून फांद्या दोन्ही अंगांनी पसरल्या, म्हणजे मधली वाट अरुंद होते. तेथून मोठा ट्रॅक्टर नेला, तर फुले आणि कोवळी फळे झडतात. म्हणून पुष्कळ बागाईतदार पंधरा-वीस अश्वशक्तीचा ठेंगणा, अरुंद ट्रॅक्टर वापरतात.

ह्या लहानशा ट्रॅक्टरच्या मागे तण काढण्याचा रोटाव्हेटर जोडलेला असतो. तो मोठ्या माणसालाही एकट्याने उचलवत नाही. पण ओळीच्या टोकाशी वळताना चालक बोटांनी एक दांडी सरकवतो आणि ते अवजड यंत्र अलगद वर उचलले जाते! हे काम तेलाच्या दाबाने होते. ह्या योजनेस हायड्रॉलिक लिफ्ट म्हणतात.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल ह्याने सतराव्या शतकात सांगितला. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोग्रॅमचा भार दिला, तर त्याच तेलाला टेकलेल्या ५० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर ५०० किलोग्रॅमचा जोर येतो. ही शक्ती फुकट मात्र मिळत नाही; मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर चढावयाचा, तर लहान दट्ट्यास पन्नास सेंटिमीटर चालावे लागते. ट्रॅक्टरमध्ये लहान दट्ट्याचे काम इंजिनावर फिरणारा पंप करतो.

आता पास्कलच्या नियमातील ‘कोंडलेल्या’ हा शब्द पुन्हा वाचा. तेल कोंडलेले राहिले नाही, तर सारा खेळ बिघडतो. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा ह्याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉड्सले ह्या कुशल कारागिराने त्यावर चामड्याची वाटीसारखी कडी योजली, असे सांगतात. आतला दाब जसजसा वाढे, तसतशी ती कडी अधिकच घट्ट बसे. आज चामड्याच्या जागी रबराची ओ-रिंग आणि ऑइल सील आले आहेत.

रबर उन्हाने व तेलाच्या उष्णतेने कडक होते, त्यास चिरा पडतात. होज पाइप एखाद्या पत्र्यास घासून झिजतो. हादऱ्यांनी नट सैल होतात. मग लिफ्ट सावकाश चढू लागते, आणि ट्रॅक्टर उभा असतो तेथे जमिनीवर डाग दिसतो. सेकंदाला एक थेंब गळाला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांत जवळजवळ दीड लिटर तेल जाते.

बागाईतदार म्हणतो, ‘‘मिस्त्री, पंपच बदलून टाका.’’ जाणता मिस्त्री आधी चिंधी मागतो. डागाचे तेल तो बोटावर घेऊन पाहतो. डिझेल इंजिनातले वंगण काळेकुट्ट असते, डिझेल पातळ व उग्र वासाचे असते, आणि लिफ्टचे तेल बहुधा सोनेरी-तपकिरी दिसते. ते दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

यानंतर सारा भाग पुसून कोरडा करावयाचा. हे काम कंटाळवाणे खरे, पण शोधाचे मर्म त्यातच आहे. तेल वरून निसटते, नळीच्या अंगाने ओघळते आणि भलत्याच बोल्टावरून टपकते. वारा व धूळ त्यास आणखी पसरवितात. म्हणून जेथे थेंब पडतो तेथे दोष असेलच असे नाही. सांध्यांवर खडूची पूड शिंपडावी, ट्रॅक्टर थोडा वेळ चालवावा, लिफ्ट चढवावी-उतरवावी व इंजिन बंद करून पाहावे. पांढऱ्या पुडीवर सर्वांत वर जेथे पहिली ओल उमटते, तेथे शोध थांबतो.

येथे एक धोका नीट ध्यानात ठेवा. ह्या तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या शंभर-दीडशे पट किंवा अधिकही असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. बाहेरून केवळ टोचल्यासारखे वाटते. आत मात्र मांस नासू लागते, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून चालू यंत्राची नळी हाताने कधीही चाचपू नये. दुरून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. धार लागलीच, तर जखम क्षुल्लक दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे. उचललेल्या अवजाराखाली तर कोणीच जाऊ नये.

कधी कधी जमीन कोरडी असते आणि तरीही इंजिन बंद करताच उचललेला रोटाव्हेटर हळूहळू खाली बसतो. तेव्हा तेल आतल्या आतच, झिजलेल्या सीलवरून किंवा झडपेतून परत फिरत असते. तेलात फेस येत असेल, तर पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीतून बहुधा हवा आत ओढली जात असते. ही गळतीच, पण उलट दिशेची!

दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करून लिफ्ट खाली टेकवावी व दांडी हलवून उरलेला दाब सोडावा. नट सैल असल्यास बेताने आवळावा. अति आवळल्याने आटे जातात. ओ-रिंग खराब असेल, तर तिची खाच न ओरखडता ती काढावी आणि त्याच मापाची नवी, तेलात बुडवून बसवावी. धुळीचा कणही आत जाऊ देऊ नये, कारण तो पंप कुरतडतो. मग तेल खुणेपर्यंत भरावे, लिफ्ट चार-सहा वेळा चढवून-उतरवून आतली हवा घालवावी आणि तेल पुन्हा मोजावे. रात्री ट्रॅक्टरखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवतात. सकाळी ते कोरडे निघाले, तर रोटाव्हेटर जोडून पुन्हा बागेत जावयास हरकत नाही.