थंडीच्या पहाटे मोटारसायकलवरून

बुऱ्हाणपूरची प्रसिद्धी उन्हाळ्यासाठी. अशा गावी बसून थंडीवर लेख लिहावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. कडाक्याची थंडी काश्मीर-लडाखची. आपल्या निमाडातील थंडी म्हणजे केवळ शेकोटीस निमित्त, असा सर्वसाधारण समज आहे. आमचाही तसाच होता. आमचे बालपण समुद्रकिनारी कोकणी मुलखात गेले. तेथे स्वेटर वर्षानुवर्षे ट्रंकेच्या तळाशीच पडून राही. त्यामुळे थंडी म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकाने नव्हे, तर मोटारसायकलने शिकविले.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतील एका पहाटे आम्ही खंडव्यास निघालो. अंगात स्वेटर होता, डोक्यास हेल्मेट होते. हात मात्र उघडे होते. निंबोला मागे पडेपर्यंत बोटे विलक्षण दुखत होती. पुढे दुखणे थांबले, आणि शरीर थंडीस सरावले असे समजून आम्ही निश्चिंत झालो. असीरगडाच्या परिसरात एका वळणावर केळीने भरलेली ट्रॉली अकस्मात समोर आली. ब्रेक दाबण्याचे मनात आले, पण बोटे मिटेनात! पायाच्या ब्रेकने गाडी थांबली खरी, परंतु ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. दुखणे थांबले होते ते बोटे बधिर झाली म्हणून, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले.

असे का व्हावे? आपल्या शरीराचे आतील तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते. त्वचेलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर नेहमी असतो आणि तो पांघरुणाचे काम करितो. वारा हा थर क्षणोक्षणी उडवून नेतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारा चालक हवा स्तब्ध असली तरी तितक्याच वेगाच्या वाऱ्यात बसलेला असतो.

वाऱ्याचा हा परिणाम प्रथम पद्धतशीरपणे मोजला गेला तो अंटार्क्टिकावर. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी पाण्याने भरलेली नळकांडी उघड्यावर टांगली आणि निरनिराळ्या वाऱ्यांत ते पाणी किती वेळात गोठते याची नोंद केली. पुढे 2001 साली अमेरिका व कॅनडा यांनी माणसांच्या चेहऱ्यावर प्रयोग करून सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने हिशेब केल्यास, हवा 8 अंशांची असताना ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेस 2 ते 3 अंशांइतकी थंडी भासते.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. वाऱ्याने तापमापकातील पारा खाली उतरत नाही. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलचे लोखंड आधीच हवेइतके थंड झालेले असते. वारा कितीही सुटला तरी केवळ त्यामुळे ते 8 अंशांखाली जाणार नाही. वारा फक्त उष्णता हिरावून नेण्याचा वेग वाढवितो. म्हणून त्याचा उपद्रव निर्जीव यंत्रास नव्हे, तर उष्णता निर्माण करणाऱ्या सजीव देहास होतो. आपल्याकडे बोटे गोठून बर्फ होण्याचे भय नाही. ती बधिर होण्याचे मात्र निश्चित आहे.

थंडी वाढली की शरीर हृदय, मेंदू इत्यादी महत्त्वाच्या इंद्रियांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करिते. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. त्यांना ऊब मिळते ती रक्तातून. रक्त आटले की प्रथम वेदना, मग बधिरपणा येतो. आता गणित पाहा. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे 14 मीटर. ब्रेक दाबण्यास बोटांनी अर्धा सेकंद अधिक घेतला, तर गाडी 7 मीटर पुढे गेलेली असते. एखाद्याचा जीव जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

याहून गंभीर गोष्ट लहान मुलांची. पुष्कळ वडील मुलास पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवितात. मूल डोळ्यांसमोर राहावे, हा त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु त्यामुळे वाऱ्याचा सारा मारा प्रथम त्या मुलावर होतो आणि वडील त्याच्या आडोशास राहतात! वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. साहजिकच त्याची उष्णता लवकर जाते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानेही चालकाखेरीज एकाच व्यक्तीस, व तीही मागील पक्क्या आसनावर, बसण्याची मुभा दिली आहे. चार वर्षांखालील मुलास चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा व हेल्मेट हवे आणि वेग ताशी 40 किलोमीटरहून अधिक नसावा, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे.

मग थंडीत मोटारसायकल चालवूच नये काय? तसे नव्हे. जर्मनीत 1956 सालापासून ऐन हिवाळ्यात मोटारसायकलस्वारांचा एक मेळावा भरत आला आहे. ‘हत्तींचा मेळावा’ असे त्याचे नाव असून लोक बर्फातून वाट काढीत तेथे पोहोचतात. ते काही निराळ्या रक्तामांसाचे नसतात. ते पूर्ण तयारीने निघतात, इतकेच.

आपल्याकडील तयारी अल्प खर्चाची आहे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावे. त्यांच्यामधील हवा ऊब राखते. विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, म्हणून त्यावर वारा न शिरणारे जाकीट हवे. ते नसल्यास छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून वर कपडा चढवावा. सायकलस्वारांचा हा जुना उपाय आजही उपयोगी पडतो. हातमोजे सैलसर असावेत. घट्ट मोज्यांनी रक्त अडते. मफलरचे टोक मोकळे सोडू नये, ते चाकात अडकते. पहाटे थंड जड हवा नाल्यांत व सखल भागांत साचते. तेथे धुकेही असते, म्हणून वेग आवरावा. बोटे दुखू लागताच थांबावे, हात काखेत धरून ऊब आणावी. सायलेन्सरवर हात शेकू नयेत. बधिर त्वचेस भाजल्याचे कळत नाही. मद्याने ऊब येते हा तर निव्वळ भ्रम होय. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या फैलावून उष्णता अधिकच निघून जाते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांचे वडील अथवा काका भल्या पहाटे बाजारास, शेतावर किंवा कामावर मोटारसायकलने निघत असतील. घाईत ते हातमोजे विसरतात, आणि ‘जवळच तर जायचे आहे’ असे म्हणून निघून जातात. अशा वेळी ते मोजे शोधून त्यांच्या हाती देणे, आणि धाकट्या भावंडास टाकीवर बसवू न देणे, एवढे काम तुम्हांस खास करिता येईल. त्यासाठी रात्री निजण्यापूर्वीच मोजे किल्लीपाशी ठेवावे.